भेटीचे दोन तास आणि अपिलाची वाट

(‘कुटुंब, न्यायालय आणि मूल’ या विषयावर पिंप्राळा, जळगाव येथे झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. वक्ते वकिली व्यवसायात आहेत. स्वानुभवातील प्रसंगांत पक्षकारांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)



आषाढी एकादशीला ज्या गावात विठ्ठलाचा रथ निघतो आणि सारा गाव एकत्र येऊन त्याचे दोर ओढतो, त्या पिंप्राळ्यात आज एका अप्रिय विषयावर बोलायचे आहे. अप्रिय अशासाठी की तो मोडलेल्या घरांचा विषय आहे. आपण कुटुंबव्यवस्थेचा गौरव पुष्कळ करतो, आणि तो करायलाही हवा. परंतु जिथे ती व्यवस्था तुटली, तिथल्या लेकराचे काय होते, याचा विचार आपल्या सभांतून फारसा होत नाही. तो व्हावा म्हणून मी आज उभा आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणात कानबाईचे विसर्जन झाले आणि दुसऱ्याच दिवशी एक वृद्ध शेतकरी माझ्या कार्यालयात आले. गावात त्यांना सारे आप्पा म्हणत. मुलाचा आणि सुनेचा घटस्फोट झालेला. नातू सहा वर्षांचा, आईजवळ. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वकीलसाहेब, रोटासाठी घरातल्या सगळ्यांच्या नावाची गव्हाची मूठ धरली. नातवाच्याही नावाची धरली. दळण झालं, रोट झाले, सगळी भाऊबंदकी जेवली. फक्त ज्याच्या नावाची मूठ होती तोच घरात नव्हता.” एवढे बोलून त्यांनी निकालाची नक्कल माझ्यापुढे ठेवली. पित्याने मुलाला एक शनिवार सोडून एक शनिवार, दोन तास, न्यायालयाच्या आवारात भेटावे, असा आदेश होता. आजी-आजोबांचा उल्लेख कोठेही नव्हता. आप्पांचा प्रश्न एकच होता : “अपिलात हे बदलंल का?”

आजचे माझे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

दोन तासांचे गणित

प्रथम त्या आदेशाचे गणित मांडू. एक शनिवार सोडून एक शनिवार म्हणजे वर्षाला सव्वीस भेटी. प्रत्येकी दोन तास. वर्षाचे झाले बावन्न तास, म्हणजे दोन दिवसांहून थोडे अधिक. समजा अपील तीन वर्षे चालले, तर त्या तीन वर्षांत बाप आणि मुलगा मिळून साडेसहा दिवस एकत्र राहिले. तेही एकही भेट न चुकता! मूल आजारी पडले, परीक्षा आली, न्यायालयाला सुट्टी लागली, तर तेवढेही नाही. सहा वर्षांचे मूल तोवर नऊ वर्षांचे होते. शेतीचा दावा वीस वर्षे चालला तरी जमीन जागेवरच असते. बालपण तसे थांबून राहत नाही. म्हणून या विषयात विलंब हाच सर्वात मोठा प्रतिपक्षी आहे, हे ज्या माता-पित्यांना कळते, त्यांची अर्धी लढाई सुधारते.

असे असूनही न्यायालये भेटीवर मर्यादा का घालतात? दरवेळी अन्यायानेच घालतात, असे समजू नका. घरात मारहाण झालेली असते, दारूचे व्यसन असते, मूल पळवून नेण्याची धमकी दिलेली असते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५च्या कायद्याच्या कलम २१नुसार, भेटीने मुलाचे अहित होईल असे वाटल्यास दंडाधिकाऱ्यांना ती नाकारण्याचाही अधिकार आहे, आणि तो असायलाच हवा. ज्याच्या हातून मुलाला खरोखर धोका आहे त्याने अपिलापूर्वी स्वतःला सुधारावे, हाच माझा त्याला सल्ला असतो. परंतु पुष्कळदा मर्यादा घातली जाते ती केवळ आरोपांच्या गदारोळात, तात्पुरती व्यवस्था म्हणून. आणि ती तात्पुरती व्यवस्थाच वर्षानुवर्षे कायम होऊन बसते. खरा प्रश्न तिथे आहे.

कायद्याचा केंद्रबिंदू

१८९०चा पालक व पाल्य अधिनियम, १९५५च्या हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २६ आणि १९५६चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, या तीन कायद्यांवर आपल्याकडील बहुतेक प्रकरणे उभी असतात. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, असे १९५६चा कायदा सांगतो. त्याच कायद्याचे कलम १३ मात्र सर्वांच्या वर आहे : मुलाचे कल्याण हाच सर्वोच्च विचार. ‘माझा हक्क’ हा शब्द बापाच्या तोंडी असो वा आईच्या, तो या कलमापुढे दुय्यम ठरतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली रोझी जेकब खटल्यात हे स्पष्ट केले की मुले म्हणजे आई-बापांच्या मालकीची वस्तू नव्हेत, आणि ताब्याविषयीचा आदेश कधीच अंतिम नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलता येतो. पुढे २०२०च्या यशिता साहू खटल्यात याच न्यायालयाने म्हटले की आई आणि वडील दोघांचेही प्रेम मिळणे हा मुलाचा हक्क आहे. मूल दूर असेल तर प्रत्यक्ष भेटीखेरीज दूरध्वनी आणि व्हिडिओ संभाषणाने संपर्क राहावा, असाही विचार त्या निकालात आहे. लक्षात घ्या, भेट हा मुलाचा हक्क आहे. आप्पांना मी हेच सांगितले : “आप्पा, तुम्ही नातू मागायला जाऊ नका. नातवाला त्याचा बाप आणि आजोबा मिळावेत म्हणून जा. अर्जाची भाषा त्याने बदलते, आणि मनही बदलते.”

अपिलापूर्वीचे दार

निकाल प्रतिकूल लागला की लोक म्हणतात, ‘वरच्या कोर्टात जाऊ.’ परंतु वर जाण्यापूर्वी ज्या न्यायालयाने आदेश दिला त्याचेच दार पुन्हा ठोठावता येते का, हे पाहावे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६खालील मुलांविषयीचे आदेश वेळोवेळी बदलण्याचा अधिकार त्याच न्यायालयाला आहे. मूल मोठे झाले, शाळा बदलली, वडिलांचे व्यसन सुटले, आईची बदली झाली, सहा महिने भेटी सुरळीत पार पडल्या, ही सारी आदेश बदलण्याची सबळ कारणे आहेत.

येथे मी नेहमी पायऱ्या मागायला सांगतो. पहिले तीन महिने न्यायालयाच्या आवारातील मुलांच्या कक्षात, पुढचे तीन महिने बाहेर दिवसभर, मग रात्रीचा मुक्काम, मग निम्मी सुट्टी. सोबत आठवड्यातून दोनदा दूरध्वनी. दिवाळी, आखाजी, कानबाई या सणांचे दिवस नावानिशी लिहून मागावेत. ‘सणासुदीला भेट द्यावी’ असे मोघम लिहिले की प्रत्येक सणाला नवे भांडण उभे राहते. एकदम सर्व मागणाऱ्यापेक्षा पायरीपायरीने मागणाऱ्याविषयी न्यायाधीशांना अधिक विश्वास वाटतो, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक सावधगिरी. परस्पर संमतीने अटी लिहून दिल्या आणि त्यावर हुकूमनामा झाला, तर कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १९(२)प्रमाणे त्याविरुद्ध अपील चालत नाही. ‘आता सही करून टाका, पुढे बघू’ असे सांगणारे नातेवाईक पुष्कळ भेटतात. सही करण्यापूर्वी भेटीचा प्रत्येक तास डोळ्यांखालून घाला.

अपील : कोठे, केव्हा, कशासाठी

१९८४च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १९नुसार कौटुंबिक न्यायालयाच्या निकालाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात अपील करता येते, आणि ते वस्तुस्थिती व कायदा या दोन्ही मुद्द्यांवर चालते. ते दोन किंवा अधिक न्यायमूर्तींच्या पीठापुढे ऐकले जाते. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या लोकांसाठी हे दार म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठ. अजिंठ्याचा घाट चढून एका दिवसात जाऊन येण्याजोगे अंतर आहे. मुंबई गाठायची गरज नाही.

मुदतीविषयी दक्ष राहा. कलम १९मध्ये तीस दिवस लिहिले आहेत. हिंदू विवाह अधिनियमाखालील निकालांना नव्वद दिवसांची मुदत लागू होते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ साली दिला. तुमचे प्रकरण कोणत्या कायद्याखालचे, हा वाद वकिलांवर सोपवा. तुम्ही तीस दिवस धरूनच चाला. निकालाच्याच दिवशी सहीशिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज टाका. नक्कल तयार होण्यास लागणारा काळ मुदतीतून वजा होतो, परंतु अर्जच उशिरा केला तर आधीचे दिवस कोणी परत देत नाही.

आता पुष्कळांची फसगत कोठे होते ते सांगतो. कलम १९चे अपील अंतरिम आदेशाविरुद्ध नाही. खटला चालू असताना ‘तूर्त दोन तास भेटा’ असा आदेश झाला, तर त्याविरुद्ध सामान्यतः संविधानाच्या अनुच्छेद २२७खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते, आणि तिची कक्षा अपिलापेक्षा अरुंद असते. उलट दंडाधिकाऱ्यांनी २००५च्या कायद्याखाली आदेश दिला असेल, तर अपील सत्र न्यायालयात, तीस दिवसांत. तसेच, अपील दाखल झाले म्हणजे खालचा आदेश आपोआप थांबला, असे नाही. म्हणून अपिलासोबतच अंतरिम अर्ज करून, निकाल लागेपर्यंत भेट किती व कशी वाढावी, हे मागितले पाहिजे. तो अर्ज न करणारा पक्षकार अपील जिंकतो तेव्हा मुलगा त्याला ओळखेनासा झालेला असतो.

अपिलात सांगायचे काय? ‘निकाल आम्हाला मान्य नाही’ हे कारण होत नाही. वरिष्ठ न्यायालय पाहते ते असे : खालच्या न्यायालयाने मुलाच्या कल्याणाचा विचार केला का? मर्यादा घातली तिची कारणे दिली का? आरोप सिद्ध झाले होते, की केवळ लिहिले गेले होते? मत मांडण्याएवढे मूल मोठे असेल तर न्यायाधीश त्याच्याशी बोलले का? समुपदेशकांचा अहवाल विचारात घेतला का? अधिनियमाच्या कलम १२खाली वैद्यकीय व कल्याणविषयक तज्ज्ञांचे साहाय्य घेता येते. ते मागितले होते का? या प्रश्नांची उत्तरे रोजनाम्यात आणि पुराव्यात दाखवता आली, तर अपिलात जीव असतो.

पैशांअभावी कोणी मागे राहू नये. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रियांना व मुलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेतील सर्वांना मोफत विधी साहाय्य मिळते. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करण्यात कमीपणा मानू नये.

तीन निकाल, तीन बोध

गोव्यातील एक प्रकरण पाहा. दिवाणी न्यायाधीशांनी तान्ह्या मुलाचा अंतरिम ताबा आईला दिला. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो निर्णय फिरवला. आई सर्वोच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०१५मध्ये रोक्सॅन शर्मा खटल्यात त्या न्यायालयाने सांगितले की, इतक्या लहान मुलाची आई योग्य आहे हे तिने सिद्ध करायचे नसते. ती अयोग्य आहे असे म्हणणाऱ्या पित्याने ते सिद्ध करायचे असते. मूल तेव्हा तीन वर्षांचेही नव्हते. आईकडे ताबा देतानाच पित्याची भेटही न्यायालयाने राखली. बोध असा : सिद्धतेचा भार चुकीच्या खांद्यावर टाकला गेला असेल, तर अपिलात तेच मुख्य शस्त्र असते.

दुसरे प्रकरण पुण्याशी जोडलेले आहे. अमेरिकेतील मिशिगनच्या न्यायालयाने मुलाचा ताबा आईला आणि भेटीचा हक्क पित्याला दिला होता. जानेवारी १९८६मध्ये त्या भेटीचाच लाभ घेऊन पित्याने मुलाला पुण्यात आणले. आई सर्वोच्च न्यायालयात आली आणि त्याच वर्षी न्यायालयाने मूल तिच्या स्वाधीन करण्याचा आदेश दिला. हाच एलिझाबेथ दिनशॉ खटला. आज खान्देशातील कितीतरी घरांतील मुले-मुली परदेशात आहेत, म्हणून हा निकाल आपल्यालाही लागू आहे. आदेश चुकीचा वाटला तर तो न्यायालयात बदलून घ्यावा; मोडू नये. भेटीचा हक्क मोडून जो मूल मिळवायला जातो, तो भेटही गमावून बसतो.

तिसरा बोध मुलाच्या मनाविषयी. एका पालकाने दुसऱ्याविरुद्ध मुलाचे मन कलुषित करणे ही बाब सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली विवेक सिंह खटल्यात गांभीर्याने घेतली. त्याच न्यायालयाने मे २०२४मध्ये अशीही ताकीद दिली की पुराव्याशिवाय कोणत्याही पालकावर हा शिक्का मारण्याची घाई करू नये. दोन्ही निकाल एकत्र वाचले पाहिजेत. ‘आईने पढवले’ किंवा ‘बापाने पढवले’ असे म्हणणे सोपे आहे. कधीकधी मूल स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिले तेच सांगत असते.

आदेशापलीकडचे

कायद्याच्या हाताला मर्यादा आहेत. १८९०च्या कायद्यात आदेश न पाळणाऱ्यासाठी कलम ४५ आहे. त्यातील दंड शंभर रुपये, आणि पुढे दररोज दहा रुपये, तोही एकूण पाचशेपर्यंत! दिवाणी तुरुंगात ठेवण्याची तरतूद आहे. परंतु मुलाच्या आईला किंवा बापाला तुरुंगात घालून मुलाचे कोणते कल्याण साधणार? आजी-आजोबांच्या भेटीला आपल्या कायद्यात स्वतंत्र स्थान नाही. विधी आयोगाने मे २०१५मधील आपल्या २५७व्या अहवालात संयुक्त ताब्याचा आणि आजी-आजोबांना नातवंडांचा सहवास मिळण्याचा विचार मांडला. तो कायद्यात उतरावा, असे मला मनापासून वाटते. पण तोवर काय?

तोवर समाज आहे. १८४३ साली मुंबईत एक पिता आपल्या मुलासाठी तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात गेला होता. श्रीपत शेषाद्री परळीकर हा जेमतेम बारा वर्षांचा मुलगा मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. न्यायालयाने तो पित्याच्या स्वाधीन केला. पिता खटला जिंकला, पण मुलाला समाजाचे दार बंद होते. त्याला परत घेण्यासाठी ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर पुढे आले आणि त्यासाठी त्यांनी स्वकीयांचा रोष पत्करला. प्रसंग वेगळा, काळ वेगळा. परंतु न्यायालय मूल दारापर्यंत आणून देते, आत घ्यायचे काम माणसांचेच असते, हे सत्य आजही तेच आहे. घटस्फोटितेच्या मुलाला लग्नकार्यात बोलावताना आपण कचरतो, शाळेत त्याला ‘तुझे पप्पा कुठे’ म्हणून छेडले जाते, आणि बाप मुलाला भेटायला गेला तर भाऊबंद त्याला बायकोपुढे वाकला म्हणून हिणवतात. हे आपण थांबवले नाही, तर अपिलाचे निकाल केवळ कागदावर राहतील.

आता आप्पांच्या प्रश्नाकडे परत येतो. आम्ही अपिलाची मुदत सांभाळली, कागद तयार ठेवले. परंतु त्याआधी मी आप्पांना विचारले, “नातवाच्या देखत सुनेबद्दल तुम्ही काय बोलता?” ते खाली पाहू लागले. भेटीच्या त्या दोन तासांतही मुलाच्या कानावर त्याच्या आईची निंदाच पडत होती, आणि तो घरी जाऊन ते सांगत होता. आईने भेट वाढवू दिली नाही, त्याचे कारण हे होते. आप्पांनी त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावले. पुढच्या भेटींना मुलगा हसत येऊ लागला. मुलाचा मामा समंजस होता. त्याने बहिणीची समजूत घातली. सहा महिन्यांनी दोन्ही पक्षांनी मिळून त्याच न्यायालयात अर्ज दिला : महिन्यातून दोन रविवार दिवसभर, दिवाळीचे तीन दिवस आणि कानबाईचे दोन. न्यायाधीशांनी तो मान्य केला. अपील न करताच काम झाले.

प्रत्येक घरात असे घडेल, असे मी म्हणत नाही. जिथे समोरचा पक्ष ऐकतच नाही, तिथे अपील करावेच लागते आणि ते निर्भयपणे करावे. पण ते सूडासाठी असू नये.

बंधू-भगिनींनो, रथ ओढताना दोराला शेकडो हात लागतात. परंतु उतारावर रथ घसरू नये, वळणावर कोणाच्या ओट्यावर चढू नये म्हणून चाकाखाली मोगरी लावणारे मोजकेच असतात. चालत्या चाकाजवळ वाकून ते काम करावे लागते. त्यात जोखीम असते आणि जयजयकार त्यांच्या वाट्याला येत नाही. मोडत्या घरांत दोन्ही बाजूंना दोर ओढणारे पुष्कळ जमतात. मामाने मोगरी लावली म्हणून एका लेकराची मूठ रोटात वाया गेली नाही. आपल्या नात्यात, आपल्या गल्लीत असे एखादे घर असेल, तर तिथे जाऊन ते काम आपण करावे, एवढीच विनंती करतो आणि माझे भाषण संपवतो.